चिंधीविनिमयशास्त्र : एक प्रारंभिक मांडणी

१. विषयप्रवेश

दुपारची भांडी घासून झाल्यावर आणि चहाचे आधण ठेवण्यापूर्वी जो काल उरतो, त्या कालात महाराष्ट्रातील ओसऱ्यांवर, पडव्यांत आणि अलीकडे सहनिवासांच्या गच्च्यांवर एक व्यवहार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. चार-सहा स्त्रिया जमिनीवर अंथरलेल्या जुन्या लुगड्यांच्या थरांभोवती बसतात, गोधडी शिवतात, आणि शिवता शिवता परस्परांस कापडाचे तुकडे देतात व घेतात. अर्थशास्त्राने हा व्यवहार क्षुल्लक म्हणून वगळला, समाजशास्त्राने घरगुती म्हणून वगळला, आणि वस्त्रविद्येने कापड जुने आहे या कारणास्तव वगळला. तिन्ही शास्त्रांनी सोडून दिलेल्या या भूमीवर प्रस्तुत निबंध उभा आहे.

मुख्य सिद्धान्त आरंभीच नमूद करणे इष्ट होय. तो असा : चिंध्यांच्या विनिमयाने कोणाचेही बोचके कधीही रिकामे होत नाही, आणि ते तसे होऊ नये, हेच या विनिमयाचे प्रयोजन होय. पुढील सर्व विवेचन या सिद्धान्ताच्या सिद्धीसाठी आहे.

२. परिभाषा

चिंधी : जे वस्त्र नेसण्यास अयोग्य, पुसण्यास योग्य व टाकण्यास अशक्य, त्याच्या अंशास चिंधी म्हणावे. यांतील तिसरे लक्षण व्यवच्छेदक होय. पहिली दोन लक्षणे फडक्यासही लागू पडतात. केवळ त्यांवर विसंबल्यास व्याख्येस अतिव्याप्तीचा दोष जडतो. चिंधीच्या प्रतिष्ठेविषयी ज्यांस शंका असेल, त्यांनी संत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) स्मरण करावे. ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक त्यांस गोधडेबुवा म्हणत, आणि त्या संबोधनात उणेपणा कोणासही भासला नाही.

बोचके : चिंध्यांचा असा संचय, जो जुन्याच साडीत ठेवून तिच्या समोरासमोरच्या टोकांना गाठी मारून बांधलेला असतो व ज्याचे वास्तव्य माळ्यावर किंवा दिवाणाच्या पोटात असते. बोचक्याची साडी स्वतः चिंधी आहे काय, हा प्रश्न जुना आहे. ‘तूर्त नाही’ असा त्यावर बहुमताचा निर्णय आहे.

गोधडी : सुती लुगडी, धोतरे वा चादरी यांचे थर एकावर एक अंथरून, वरच्या थरावर चिंध्यांची मांडणी करून, धावदोऱ्याने सर्व एकजीव केल्यावर जे सिद्ध होते ते. कोठे तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेकडे कौदी. बंगालची कांथा व बिहारची सुजनी या तिच्याच कुळातील होत.

मंडळ : किमान तीन व्यक्तींचा शिवणोद्यत समूह. दोघींचे मंडळ होत नाही. दोघींत विनिमय संभवतो, परंतु साक्षी संभवत नाही. आणि ‘तेव्हा मी तुला केवढा मोठा तुकडा दिला होता’ या विधानास साक्षीवाचून प्रामाण्य नाही.

३. चिंधीचे पंचविध वर्गीकरण

(१) स्मार्त चिंधी. जिच्याशी मंगळागौर, डोहाळजेवण, बारसे, मुंज यांपैकी एखादा प्रसंग निगडित आहे ती. हिचा आकार व तिच्या इतिहासकथनास लागणारा वेळ यांचे प्रमाण व्यस्त असते. उदाहरणार्थ, जांभळ्या इरकलीचा चार बोटे रुंद काठ. तो बोचक्यातून बाहेर पडताच शिवण थांबते. ज्येष्ठ सभासद तो हातात घेते, उलटा करून मागची वीण पाहते, अंगठ्याने दोनदा चोळते आणि म्हणते, “अगं, हे धाकट्या जाऊबाईंच्या डोहाळजेवणाचं लुगडं! त्या दिवशी बासुंदी नासली होती.” दुसरी म्हणते, “बासुंदी नव्हे, खीर.” येथून पुढे होणारे विवेचन काठाविषयी नसते, परंतु काठावाचून ते झाले नसते. अशी चिंधी मागून मिळत नाही, स्तुती केल्यास मिळते.

(२) सौचिक चिंधी. शिंप्याच्या दुकानातील कातरणे. ती नवी असतात, रंगांनी झळाळती असतात आणि त्यांस इतिहास नसतो. बगलेच्या व गळ्याच्या कापातून उरल्यामुळे त्यांचा आकार प्रायः चंद्रकोरीचा किंवा त्रिकोणाचा असतो. चौकोनी सौचिक चिंधी आढळल्यास ब्लाऊजपीस कोणाचे होते, याची चौकशी करावी.

(३) संदिग्ध चिंधी. जिचा पोत बोटांस उलगडत नाही ती. सुती म्हणून दिली जाते आणि पहिल्या धुण्यात ओळख बदलते. हिच्यासाठी अग्निपरीक्षा विहित आहे. एक धागा उसवून काडीच्या ज्योतीवर धरावा. जळक्या कागदाचा वास येऊन भुरभुरीत राख पडली तर सूत. धागा वितळून टोकाशी कठीण मणी धरला तर टेरिलीन. ही परीक्षा चिंधी देणाऱ्या सभासदेच्या समक्ष करू नये.

(४) अकालिक चिंधी. ज्या सदऱ्याची वा पायजम्याची मालकाच्या मते अद्याप दोन वर्षे शिल्लक होती, त्याचा अंश. मंडळाच्या रचनेत गृहस्वामीचे स्थान येथेच येते : तो दाता आहे, मात्र अजाण दाता. कपाटात सदरा शोधणाऱ्या गृहस्थाने अंगावरील गोधडी एकवार निरखावी, हा या शास्त्राचा व्यावहारिक उपयोग होय.

(५) निषिद्ध चिंधी. पैठणीचा तुकडा. तो मंडळात आणला जातो, उलगडला जातो, सर्वांच्या हातांतून फिरतो आणि त्याच घडीवर घरी परत जातो. त्याचा विनिमय झाल्याची नोंद प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. तथापि तो पुन्हा पुन्हा आणला जातो, यावरून विनिमयास वस्तूचे हस्तांतरण आवश्यक नसते, असे अनुमान निघते.

४. सभासदांचे चार वर्ग

प्रथम सूत्रधारिणी. पहिला टाका हिचा. दोरा हातभरच घ्यावा, अधिक घेतल्यास गुंता होतो व कमी घेतल्यास गाठी वाढतात, हा नियम हिच्या मुखातून प्रत्येक बैठकीत नव्याने प्रकट होतो. द्वितीय ओवणारी. ही बहुधा सुटीवर आलेली नात असते. तिची दृष्टी ही मंडळाची सामाईक मालमत्ता होय. ज्येष्ठ सभासद सुई उजेडाकडे धरते, दोऱ्याचे टोक जिभेने ओले करून वळते, एकदा चुकते, दुसऱ्यांदा चुकते, आणि तिसऱ्या प्रयत्नापूर्वी काही न बोलता सुई नातीकडे सरकवते. या मौनास ‘ओवणयाचना’ अशी संज्ञा योजावी.

तृतीय संग्राहिका. ही सर्वाधिक चिंध्या आणते, सर्वाधिक नेते आणि कोणतीही कापत नाही. ‘हिला शोभेल अशी गोधडी अजून सुचली नाही’ हे तिचे कायमचे वचन. चतुर्थ समीक्षिका. ही सुई आणत नाही. ती भिंतीला टेकून बसते व ठराविक अंतराने विचारते, “टाका जरा लांब पडतोय का गं?” समीक्षिकेवाचून मंडळ चालते, असे प्रतिपादन काहींनी केले आहे, पण ती ज्या दुपारी येत नाही, त्या दुपारी टाके खरोखरच लांब पडतात, हे निरीक्षणाने सिद्ध आहे.

५. शिवणीचे संप्रदाय व त्यांचे वाद

परिघवादी व मध्यवादी हा मूलभूत भेद. आपल्याकडील गोधडी प्रायः काठाशी सुरू होते. चारही बाजूंनी टाक्यांची रांग फिरते, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, अशी चौकोनामागून चौकोन ओलांडीत शिवण मध्याशी पोचते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रियाही आपली कवंदी काठापासून आत अशीच शिवतात. या समाजाच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोणी ‘फूल’ बसवल्यावाचून ती पूर्ण मानीत नाहीत, आणि शेवटचे टाके घालण्यापूर्वी तिचे पोट रिकामे राहू नये म्हणून आत तांदळाचे चार दाणे ठेवण्याची रीत आहे.

मध्यवाद्यांचे पीठ अमेरिकेत व युरोपात आहे. तेथे थर आधी कच्च्या टाक्यांनी बांधतात, चौकटीत किंवा गोल कड्यात ताणतात आणि शिवण मध्यापासून बाहेर नेतात.

पूर्वपक्ष असा : काठापासून आत शिवल्यास जास्तीचे कापड मध्याकडे ढकलले जाते व तेथे फुगवटा येतो, मध्यापासून बाहेर गेल्यास तेच कापड काठातून निसटते. उत्तरपक्ष असा : जमिनीवर बसून चौघींनी एकाच वेळी शिवावयाचे असता सर्वांचा आरंभ मध्यातून झाल्यास चार डोकी एकमेकींवर आपटतील. परिघापासून निघाल्यास प्रत्येकीला आपापली बाजू मिळते, आणि शिवण जसजशी आत येते तसतशा सभासद एकमेकींच्या जवळ येतात. गुप्त वृत्तान्त नेहमी गोधडीच्या शेवटच्या टप्प्यात उघड होतात, याचे कारण भूमितीत आहे, स्वभावात नाही. फुगवट्यासंबंधी सिद्धान्तपक्ष एवढेच म्हणतो की, गोधडी पोटावर घ्यावयाची असते व पोटही सपाट नसते.

दुसरा वाद हस्तटाकावादी व यंत्रटीपवादी यांचा. मशीनची टीप सरळ, शीघ्र व बळकट असते, यंत्रटीपवाद्यांचे हे म्हणणे निर्विवाद आहे. दोष एकच : मशीनवर एका वेळी एकीलाच बसता येते आणि तिच्या खडखडाटात दुसरीचे वाक्य ऐकू येत नाही. म्हणून यंत्रशिवित गोधडीला ‘अंथरूण’ म्हणावे, ‘मंडळकृती’ म्हणू नये, असा मध्यम मार्ग सुचवण्यात येत आहे.

तिसरा, नायलॉनवाद. नायलॉनच्या साड्या सर्वत्र झाल्यापासून बोचक्यांत निसरड्या चिंध्यांचे प्राबल्य वाढले. सुतीवादी त्यांस स्पर्श करीत नाहीत : सुईखाली त्या सरकतात, घाम टिपत नाहीत, धुतल्यावर मऊ होत नाहीत. सर्वसंग्राहक म्हणतात, साडी आहे, टाकायची कशी? तडजोड अशी रूढ झाली की नायलॉनची साडी मधल्या थरात घालावी. तिला गर्भस्थ नायलॉन म्हणतात. ती दिसत नाही. मात्र त्या गोधडीखाली झोपणाऱ्यास पहाटे कूस बदलताना तिचे अस्तित्व ऐकू येते.

६. विनिमयाचे प्रकार

समविनिमय : तुकड्यास तुकडा. या प्रकारात मापाचा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेतील हौशी मंडळांनी त्यासाठी ‘फॅट क्वार्टर’ हे एकक रूढ केले : १८ इंच बाय २२ इंच. पाव वार कापडाची अरुंद पट्टी न कापता अर्ध्या वाराचे उभे दोन भाग केल्यास हा रुंद, उपयोगी तुकडा मिळतो. महाराष्ट्रात एकक वीत हे आहे. देताना वीत देणारीची, घेताना घेणारीची. आणि या दोन वितींतील अंतरावर काही कुटुंबांतील अबोला आधारलेला आहे.

आवर्तविनिमय : परदेशी यास ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. एकीने मधला चौकोन शिवून पाठवायचा, दुसरीने त्याभोवती एक पट्टी जोडायची, तिसरीने आणखी एक, आणि अखेरीस तो मूळ धनिणीकडे परतायचा. परतल्यावर ‘छान झालं’ असे म्हणणे तिच्यावर बंधनकारक आहे. आपल्याकडे हा प्रकार गोधडीत क्वचित आढळतो. डब्यांच्या बाबतीत मात्र, शेजारणीचा डबा रिकामा परत न करण्याच्या रूपाने, तो पूर्णावस्थेस गेलेला आहे.

स्वाक्षरीविनिमय : १८४०च्या दशकात अमेरिकेत मैत्रिणींनी एकेक चौकोन शिवून त्यावर शाईने आपले नाव लिहावयाचे आणि दूरदेशी निघालेल्या सखीस त्यांची गोधडी भेट द्यावयाची, असा प्रघात पडला. न पुसली जाणारी व कापड न कुरतडणारी शाई तोवर उपलब्ध झाली होती, हे त्याचे भौतिक कारण. आपल्या मंडळांस शाईची गरज भासली नाही. “हा टाका मोठ्या वहिनींचा, डावीकडे कलतो,” असे येथे दहा पावलांवरून सांगितले जाते, आणि त्या निदानाविरुद्ध अपील नाही.

ऋणविनिमय : ‘सध्या घे, मग दे.’ यातील ‘मग’ची मर्यादा कोठेही निश्चित नाही. हे ऋण सुनेकडे संक्रमित होते.

संघटनेच्या अंगानेही येथे एक नोंद आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये ‘क्विल्टर्स गिल्ड’ या संस्थेची स्थापना १९७९ साली झाली. सभासदत्व, वर्गणी व कार्यकारिणी अशी तिची रीतसर व्यवस्था आहे. आपल्या मंडळांस वर्गणी नाही, घटना नाही, अध्यक्षही नाही. नियम मात्र अधिक कडक आहेत, कारण ते लिहिलेले नसल्यामुळे त्यांत दुरुस्ती करता येत नाही.

प्रदर्शनाची बाब तशीच. अलाबामा राज्यातील गीज बेंड या नदीच्या वळणावरील वस्तीत कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावरच्या विटलेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर मांडल्या गेल्या. समीक्षकांस त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकला दिसली, आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. आपल्याकडील वार्षिक प्रदर्शन घटस्थापनेपूर्वी भरते. गावोगावच्या नद्यांच्या काठांवर, खडकांवर व झुडपांवर, धुतलेल्या गोधड्या उन्हात पसरलेल्या असतात. प्रवेश विनामूल्य असतो, आणि समीक्षिका तेथेही उपस्थित असते.

७. प्रतिपक्ष : बोहारीण

चिंधीविनिमयाच्या विरुद्ध उभी असलेली एकमेव संघटित अर्थव्यवस्था म्हणजे बोहारणीची. दोन साड्या व एक पँट यांच्या बदल्यात ती स्टीलचे पातेले देते. व्यवहार तात्काळ पुरा होतो व पातेले दिसते. या युक्तिवादापुढे अनेक मंडळांतील निष्ठावंतही डळमळले आहेत.

तथापि सूक्ष्म निरीक्षणान्ती भिन्न चित्र दिसते. बोहारीण साडी हातात घेते, उंबऱ्याबाहेरच्या उजेडात आडवी ताणून धरते, विरलेली जागा बोटाने दाखवते आणि साडी परत करते. “ताई, ही नाही चालायची. दुसरी असंल तर बघा.” परत आलेली साडी दारातून थेट माळ्यावर जाते. म्हणजे कोणते वस्त्र अद्याप वस्त्र आहे आणि कोणते चिंधी झाले, हा निर्णय देणारी एकमेव त्रयस्थ अधिकारी ती होय. त्यामुळे दुसऱ्या प्रकरणातील लांबलचक व्याख्येऐवजी ‘बोहारणीने नाकारलेले ते चिंधी’ ही सुटसुटीत व्याख्या स्वीकारण्यास प्रत्यवाय दिसत नाही. बोहारीण ही प्रतिपक्ष नसून परीक्षक आहे.

८. बोचक्याचा अक्षय्यसिद्धान्त

आता मुख्य प्रमेय. पाच स्त्रियांनी प्रत्येकी एकेक मूठ चिंध्या दिल्या व एकेक मूठ घेतल्या, तर गणितानुसार कोणाचेही बोचके वाढू नये. प्रत्यक्षात संध्याकाळी घरी परतताना पाचही बोचकी फुगलेली असतात. या घटिताची तीन उपपत्ती मांडता येतात.

वायुवाद : पाहण्यासाठी उलगडलेली चिंधी पुन्हा तितक्या घट्ट घडीत बसत नाही; वाढ कापडाची नसून हवेची असते. ही उपपत्ती फुगवटा स्पष्ट करते, वजन नाही.

विभाजनवाद : चिंधी कापून लावली की उरलेला भाग ही दुसरी चिंधी होते. एका चिंधीच्या वापरातून किमान एक चिंधी उत्पन्न होते, म्हणून शिवण हा चिंध्या संपवण्याचा नव्हे, प्रसवण्याचा मार्ग आहे. ही उपपत्ती बलवत्तर असली तरी ती एकाकी शिवणाऱ्या स्त्रीसही लागू पडते; मंडळाचे वैशिष्ट्य तीत येत नाही.

ऋणवाद : घेणारीस मिंधेपणा नको असतो. म्हणून पुढील बैठकीस ती घेतल्यापेक्षा वीतभर अधिक आणते. तिचा मिंधेपणा फिटतो, दुसरीचा सुरू होतो. प्रत्येक दुपारी हे आधिक्य वाढत जाते आणि ते भागवण्यासाठी पुढची दुपार ठरवावी लागते. होळीनंतर अंगण सुकले की बैठका सुरू होतात व मृगापूर्वी संपाव्यात अशी अपेक्षा असते. त्या पावसामुळे थांबतात, हिशेब पुरा झाल्यामुळे कधीच थांबत नाहीत.

तिन्हींपैकी ऋणवादच स्वीकार्य ठरतो, कारण बोचके का वाढते याखेरीज मंडळ का टिकते, याचेही उत्तर तो देतो. ज्या दिवशी सर्वांचे सर्व देणे फिटेल, त्या दिवशी दुपारी कोणाकडे जाण्यास कोणासही सबब उरणार नाही. ही शक्यता सभासदांनी न बोलता ओळखली आहे आणि प्रतिबंधक उपाय म्हणून वीतभर कापड जास्त देण्याचा परिपाठ ठेवला आहे.

गोधडी हे या व्यवस्थेचे उपफल होय. ती सिद्ध झाली की शिवणारीकडे राहत नाही. लेकीच्या बाळंतपणास जाते, शहरात शिकणाऱ्या नातवाच्या ट्रंकेत जाते, पाहुण्याच्या अंथरुणात जाते. राहते ते बोचके.

९. निर्णय व आवाहन

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून निर्णय असा : चिंधी ही कापडाची शेवटची अवस्था नसून परिचयाची पहिली अवस्था आहे; आणि जिच्याकडे आपली एक वीत येणे आहे, तिच्याशी संबंध तुटत नाहीत.

ज्या वाचकांच्या घरी माळ्यावर बोचके असेल, त्यांनी ते यंदा होळीनंतर खाली उतरवावे व किमान दोघींना निरोप धाडावा. एकटीने ते उपसू नये. त्यातून केवळ पसारा निष्पन्न होतो. सुई जिची तिने आणावी. दाभण कोणाकडे मागू नये : उसन्या दाभणाचा प्रश्न स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, आणि त्या ग्रंथासाठी प्रस्तुत लेखकाच्या घरातून गेलेले दाभण आधी परत येणे आवश्यक आहे.